वाटी परमुलखाची, मिरची पथारीवरची

परतलेल्या गोमांसाच्या पट्ट्या आणि खाली गरम भात, ही वाटी आज जगभर मिळते. पण ज्या दोन देशांत ती घडली, तिथेच बैल खायला शतकानुशतकं आडकाठी होती. चीनमध्ये तांग आणि सोंग राजवटींनी नांगराचा बैल मारायला मनाई केली होती. जपानच्या सम्राट तेन्मूने इ. स. 675 मध्ये शेतीच्या हंगामापुरतं गुरं, घोडे आणि कोंबड्यासुद्धा खाणं बंद केलं. सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचं 1872 मध्ये जाहीर झालं, तेव्हा कुठे हा संकोच सैल पडला. पुढे 1899 मध्ये टोकियोच्या निहोनबाशी मासळीबाजारात ‘योशिनोया’ हे उपाहारगृह सुरू झालं. घाईतल्या बाजारकऱ्यांना तिथे गोमांस-भाताचा वाडगा मिळू लागला.

जपानी वाडग्यातलं मांस मात्र रश्शात शिजवलेलं असतं. मोठ्या आचेवर झटपट परतणं ही चिनी रीत. मांस धाग्याला आडवं, पातळ कापायचं, पिठुळ लेप द्यायचा आणि तापल्या कढईत भराभर हलवायचं. लेपामुळे रस आत राहतो, बारीक कापल्यामुळे सरपण कमी लागतं.

ही रीत आपल्याकडे आली कोलकात्यामार्गे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने आच्यू नावाच्या चिनी माणसाला कोलकात्याजवळच्या बजबजपाशी जमीन दिली. तिथलं आच्चिपूर हे गाव त्याच्याच नावाचं. नंतर हक्का या चिनी समाजातली कुटुंबं आली, कातडी कमावू लागली, खानावळी थाटू लागली, सोया सॉस इथेच बनवू लागली. त्याच कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वँग यांनी 1975 मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये आलं, लसूण, हिरवी मिरची, सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉर एकत्र करून चिकन मंचुरियन केलं, असं ते स्वतः सांगत. तिथून ‘चायनीज’ची गाडी तालुक्याच्या गावापर्यंत पोचली.

पण महाराष्ट्रातल्या आमच्या नंदुरबार जिल्ह्यात येताना या वाटीतला बैल गळतो. गोहत्येवर राज्यात 1976 च्या कायद्याने बंदी होतीच. 2015 च्या दुरुस्तीने तीत बैल आणि वळूही आले. म्हैसवर्गाला ही बंदी नाही, पण कत्तलीआधी दाखला लागतो. त्यामुळे घरच्या कढईत पडते ती बहुधा कोंबडी, आणि तिचंही इथे नाव आहे. नवापूर हे पोल्ट्रीचं मोठं केंद्र. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी 2006 मध्ये इथेच आढळला आणि लाखो पक्षी मारावे लागले. त्यातून हा धंदा पुन्हा उभा राहिला.

बाकीचा ऐवज जिल्ह्याला परका नाही. नवापूरकडच्या पावसाळी पट्ट्यात भात पिकतो. कॉर्नफ्लॉर मक्याचं, आणि मक्याची भाकर सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा घरांत रोजची. मिरचीचं तर विचारायलाच नको. हंगामात नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडते, ठसक्याशिवाय तिथून जाता येत नाही. तरी मका आणि मिरची ही दोन्ही मूळची अमेरिकेतली, कोलंबसाच्या 1492 च्या सफरीनंतर इकडे आलेली. चीनलाही मिरची त्यानंतरच कळली. म्हणजे सोया सॉस आपल्याला परका वाटतो आणि मिरची घरची, फरक फक्त आधी कोण आलं एवढाच.

या पदार्थाची ओळख मांसात नाही, परतण्यात आहे. म्हणून घरी करताना कोंबडी घ्या, मटण घ्या किंवा पनीर, पण आच मोठी ठेवा आणि कढईत एकदम भरपूर टाकू नका. पाणी सुटलं की ती परतलेली वाटी राहत नाही, रस्साभात होतो.