मॉन्टेलुकास्ट

दमा आणि ॲलर्जीची सर्दी यांवर पोटात घ्यायचे औषध. ल्युकोट्राइन नावाची दाहकारक द्रव्ये श्वासनलिकेतील पेशींच्या ज्या ग्राहींवर काम करतात, त्यांपैकी ‘सिस्टिनिल ल्युकोट्राइन-1’ हा ग्राही मॉन्टेलुकास्ट अडवून धरते. रेणुभार अवघा 586. प्रतिपिंड-औषधांचा सुमारे दीड लाख असतो. रेणू असा लहान असल्यामुळे हे औषध गोळीतून देता येते, सुई लागत नाही.

या औषधाचा शोध नागाच्या विषापर्यंत मागे जातो. 1938 मध्ये मेलबर्न येथे फेल्डबर्ग आणि केलावे यांनी गिनीपिगच्या फुप्फुसांतून हे विष सोडले, तेव्हा स्नायूला सावकाश पण दीर्घकाळ आखडवणारे एक द्रव्य बाहेर पडले. हिस्टामिनविरोधी औषधांना ते दाद देत नसे. ते नेमके काय आहे, हे स्वीडनच्या बेंग्त साम्युएलसॉन यांनी 1979 मध्ये उलगडले : पेशीपटलातील ॲराकिडोनिक आम्लापासून तयार होणारी ल्युकोट्राइने. श्वासनलिका आवळण्यात ती हिस्टामिनच्या सुमारे हजारपट प्रभावी असतात. शिवाय सूज आणि कफही वाढवतात.

द्रव्य कळले, तरी त्याचा ग्राही कोणी पाहिलेला नव्हता. संशोधकांनी किरणोत्सारी ल्युकोट्राइन गिनीपिगच्या फुप्फुसाच्या पेशीपटलांना चिकटवले आणि कोणता रेणू ते हुसकावतो हे मोजले. त्याआधी फायसन्स कंपनीने एफपीएल 55712 हा रोधक शोधला होता, पण शरीरात तो फार काळ टिकत नसे. मर्क कंपनीच्या माँट्रिऑल येथील प्रयोगशाळेने क्विनोलीन गाभ्याच्या रेणूवर काम करत एमके-571 गाठले. त्यातून निघालेल्या व्हर्लुकास्टने काही रुग्णांच्या यकृतातील विकरांची पातळी वाढवली, म्हणून तेही सोडावे लागले. पुढचा रेणू मॉन्टेलुकास्ट. माँट्रिऑलची खूण त्याच्या नावात राहिली आहे. अमेरिकेत त्याला 1998 मध्ये मान्यता मिळाली; जपानमध्ये प्रानलुकास्ट आणि अमेरिकेत झाफिरलुकास्ट ही याच गटातील औषधे त्याआधीच आली होती. ग्राहीचे जनुक हाती लागले ते 1999 मध्ये आणि त्याची त्रिमितीय रचना 2019 मध्ये. कुलपाचा आकार ठाऊक नसताना किल्ली घडवण्याचे हे काम औषधशास्त्रातील मोठ्या चिकाटीचे म्हटले पाहिजे.

प्रौढांसाठी मात्रा रोज 10 मिलिग्रॅम. दम्याचा झटका आला असता ही गोळी उपयोगी पडत नाही, आणि रोजच्या दाहावर श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड हिच्यापेक्षा सरस ठरते. व्यायामाने उठणारा दमा व ॲस्पिरिनने बळावणारा दमा यांत मात्र तिचे मोल आहे. भारतात ती लेव्होसेट्रिझिन या हिस्टामिनविरोधी औषधाबरोबर एकाच गोळीत सर्रास दिली जाते, बहुतेकदा नुसत्या शिंका आणि वाहत्या नाकासाठी. ही सवय काळजी करण्यासारखी आहे. झोपेत भयंकर स्वप्ने, चिडचिड, नैराश्य, आत्महत्येचे विचार असे परिणाम नोंदले गेल्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च 2020 मध्ये वेष्टनपत्रकावर चौकटीतील ठळक इशारा छापणे बंधनकारक केले आणि ॲलर्जीच्या सर्दीत इतर औषधे चालत नसतील तरच ही गोळी द्यावी, असे सांगितले.