सोलापूरचे डॉक्टर, चीनची रणभूमी



शाळेच्या इतिहासात लढाया भरपूर होत्या. सनावळ्या, तह, सेनापती सगळे पाठ करून आपण पेपर लिहिले. लढाईतल्या जखमींचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र कधी पाच गुणांनाही आला नाही. आपल्यातले कितीतरी जण आज डॉक्टर आहेत, म्हणून या स्मरणिकेसाठी तोच प्रश्न घेतला. त्याचे एक उत्तर आपल्या महाराष्ट्रातच आहे: डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१०. वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात, म्हणजे आपल्या खाडीपुलापलीकडे परळला, केईएमच्या आवारात. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. तेव्हा सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. देश स्वतः पारतंत्र्यात असताना लोकांकडून वर्गणी गोळा झाली आणि सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. पथकप्रमुख डॉ. अटल, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, नागपूरचे डॉ. चोळकर आणि आपले कोटणीस. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते.

१९३९ च्या सुरुवातीला हे पथक येनानला पोहोचले. तिथून पुढे कोटणीस आघाडीवरच्या डोंगराळ भागात गेले. मोठे इस्पितळ मागे सुरक्षित ठेवून जखमींची वाट पाहायची, तर वाटेतच रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाने माणूस दगावतो. म्हणून डॉक्टरनेच जखमींकडे जायचे, ही कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांनी तिथे घालून दिलेली पद्धत होती. शस्त्रक्रिया करताना बोट कापले आणि त्याच जखमेतून विषबाधा होऊन बेथून नोव्हेंबर १९३९ मध्ये गेले. त्यांच्या नावाच्या इस्पितळाची धुरा १९४१ मध्ये कोटणीसांकडे आली.

त्याआधी, १९४० च्या मोठ्या लढाईत, त्यांनी सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या आणि आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. औषधे तुटपुंजी, शत्रू जवळ, इस्पितळ केव्हा हलवावे लागेल याचा नेम नाही. चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली, तरी ते परतले नाहीत. चिनी भाषा शिकले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले. परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केले. मुलाचे नाव यिनहुआ ठेवले. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

पुढे अपस्माराचे झटके येऊ लागले, तरी काम सुरूच राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते गेले. मुलगा जेमतेम काही महिन्यांचा होता. बाकीचे चौघे मायदेशी परतले. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटाने कोटणीस घराघरांत पोहोचले.

आमच्या आयटीत रात्री सर्व्हर बंद पडला की सगळे कॉलवर येतात, त्याला आम्ही ‘वॉर रूम’ म्हणतो. तिथे फार तर झोप जाते. कोटणीसांचे वाचल्यापासून तो शब्द वापरताना जीभ अडखळते. सैनिकाच्या हातात निदान शस्त्र असते. डॉक्टरचे दोन्ही हात दुसऱ्याच्या जखमेत गुंतलेले असतात. स्फोट ऐकू आला तरी टाका अर्धा सोडून पळता येत नाही. त्याचे शौर्य पुढे धावण्यात नसून जागचे न हलण्यात आहे, आणि तेही एका क्षणापुरते नव्हे, तर पेशंटमागून पेशंट.

सोलापुरात त्यांचे स्मारक आहे. कधी त्या बाजूला जाणे झाले, तर मुलांना घेऊन जरूर जा. आणि आपल्या बॅचच्या डॉक्टरांनो, नाइट ड्युटीच्या गडबडीत तुमचे फोन उचलले गेले नाहीत, तरी आमची आता तक्रार नाही.