गळही त्याच दोराला: रॉजर्सचे २६ तास

फेब्रुवारी २०२२. कॅनडातली बडी दूरसंचार कंपनी रॉजर्स आपल्या नेटवर्कच्या गाभ्याची सुधारणा हाती घेते. काम सात टप्प्यांचं. कंपनीच्या जोखीम मोजण्याच्या पद्धतीने सुरुवातीला शेरा दिला होता, ‘मोठी जोखीम’. टप्पे बिनबोभाट पार पडत गेले तसा शेरा उतरत गेला आणि सहाव्या टप्प्याच्या वेळी तो ‘कमी’वर आला. इथेच घात झाला, असं मला वाटतं. मागचे पाच टप्पे सुखरूप गेले म्हणून सहावा सुरक्षित ठरत नाही. पण शेरा कमी झाला की वरच्यांची मंजुरी आणि प्रयोगशाळेतली चाचणीही गळते. तशी ती गळली.

शुक्रवार, ८ जुलै, पहाटे ४:४३ (टोरांटोची वेळ). देखभालीची कामं सहसा अशा अडनिड्या वेळी करतात, कारण तेव्हा वर्दळ सगळ्यात कमी असते. डिस्ट्रिब्युशन राउटरांच्या सेटिंगमधून एक चाळणी काढली जाते. बाहेरच्या इंटरनेटचे कुठले मार्ग आत गाभ्यापर्यंत जाऊ द्यायचे आणि कुठले अडवायचे, हे ठरवणारा तो नियम होता.

४:४५. चाळणी गेल्याबरोबर मार्गांच्या माहितीचा लोंढा गाभ्याच्या राउटरांवर आदळतो. किती मार्ग स्वीकारायचे याची मर्यादा या राउटरांवर घातलेली नव्हती. त्यांची क्षमता संपते आणि ते कोसळतात. मोबाइल आणि घरचं इंटरनेट दोन्ही याच एका गाभ्यावर उभे, म्हणून दोन्ही एकदमच जातात. ग्राहक एक कोटी वीस लाखांहून जास्त.

पहाटे ५ ते ६. आता खरी गोष्ट सुरू होते, आणि ती बिघाडाची कमी, बिघाडापर्यंत पोहोचण्याची जास्त आहे. मोठा राउटर म्हणजे एक सांगाडा असतो. त्यात कार्डं बसवलेली असतात. काही कार्डं ग्राहकांची वाहतूक वाहतात, तर एखादं सगळ्या यंत्राचं नियंत्रण करतं. नियंत्रणाच्या कार्डावर मॅनेजमेंटचा वेगळा पोर्ट असतो, शेजारी कन्सोलचा. वाहतुकीची कार्डं गुदमरली तरी इंजिनिअरला या मागच्या दाराने आत जाता यावं, लॉग, म्हणजे यंत्राने ठेवलेल्या नोंदी, वाचता याव्यात, चुकलेली ओळ परत घालता यावी, यासाठी ही सोय. पण पोर्ट वेगळा असून भागत नाही. त्याला जोडलेली तार पुढे कुठून जाते, हे बघावं लागतं. रॉजर्सचं मॅनेजमेंट नेटवर्क त्याच गाभ्यावरून जात होतं. विहिरीत पडलेला पोहरा गळ टाकून काढतात. इथे गळही त्याच दोराला बांधला होता, आणि दोरच तुटला.

घरून काम करणाऱ्या इंजिनिअरांना कंपनीच्या नेटवर्कशी जोडणारं व्हीपीएन लागेना. फोन लावावा, तर कंपनीतल्या बहुतेकांचे फोन रॉजर्सचेच. आणीबाणीसाठी दुसऱ्या कंपनीचं सिम जवळ होतं ते थोड्याच जणांकडे. बाकीच्यांना, जिथून मॅनेजमेंट नेटवर्कला हात लावता येईल अशा ठिकाणी प्रत्यक्ष जावं लागलं. दूरच्या केंद्रांवर इतर कंपन्यांची सिम कार्डं पाठवावी लागली. पहाटेचे हे तास सगळ्यात मोलाचे होते. चाळणी काढून मिनिटंच झाली होती, ती परत बसवणं शक्य होतं. पण यंत्राशी बोलता येत नव्हतं, आणि एकमेकांशीही नाही.

सकाळी ९. देश जागा होतो. डेबिट कार्डचे व्यवहार चालवणारी इंटरॅक ठप्प, त्यामुळे दुकानांत रोख पैशांची शोधाशोध. पासपोर्ट कचेऱ्यांची कामं अडतात. वाय-फाय मिळेल तिथे, कॉफीच्या दुकानांत, ग्रंथालयांत माणसं गोळा होतात.

सगळ्यात भयंकर हाल ९११ या आणीबाणीच्या नंबरचे. आपली कंपनी बंद असली तर आणीबाणीचा फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागतो. इथे तसं सहज घडेना, कारण रॉजर्सचे टॉवर जिवंत होते. गाभा मेला तरी टॉवरचा सिग्नल चालू, म्हणून फोन त्यालाच चिकटून राहिले आणि ९११चा कॉल पुढे सरकेना. सिम काढून फोन लावला तर तो लागू शकत होता. पण छातीत कळ आलेल्या माणसाच्या घरात कोणाला हे सुचणार? एखादा बुडालेला कार्यक्रम पुन्हा ठेवता येतो, ॲम्ब्युलन्सला करायचा फोन नंतर लावून उपयोग नसतो. म्हणून या घटनेकडे मी ‘इंटरनेट गेलं’ एवढ्यावर बघू शकत नाही.

दुपार. बेल आणि टेलस या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मदत देऊ केलेली असते. पण एवढे ग्राहक दुसऱ्याच्या नेटवर्कवर अचानक लोटता येत नाहीत. इंजिनिअर अजून अंधारातच चाचपडत आहेत, कारण दोषाचे लॉग हाती नाहीत.

संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास. चौदा तास उलटल्यावर लॉग उघडतात आणि पहाटेच्या त्या बदलाकडे बोट जातं. त्याच संध्याकाळी टोरांटोत द वीकेंड या गायकाचा कार्यक्रम ऐनवेळी पुढे ढकलला जातो. स्टेडियमचं नाव रॉजर्स सेंटर.

रात्रभर. बिघडलेली उपकरणं नेटवर्कपासून तोडून वेगळी केली जातात, वाहतूक वळवली जाते, गाभा हळूहळू उभा होतो. हळूहळूच करावं लागतं. एकदम सगळं सोडलं तर पुन्हा लोंढा.

शनिवार, ९ जुलै, सकाळ. सुमारे २६ तासांनी बहुतेकांची सेवा परत. ज्याने ती ओळ काढली त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्यांशी मी सहमत नाही. एका माणसाची एक ओळ देशभर पोहोचू नये, आणि पोहोचलीच तर तिच्यामागे धावायला वाट असावी, हे आराखडा करणाऱ्यांचं काम होतं.

पुढे ग्राहकांना पाच दिवसांची भरपाई मिळाली. तंत्रज्ञान-प्रमुख बदलले. मोबाइल आणि इंटरनेटचे गाभे वेगळे करण्याचं कंपनीने जाहीर केलं. संकटात एकमेकांना हात देण्याचा आणि ९११ चालू ठेवण्याचा करार सप्टेंबर २०२२मध्ये कॅनडातल्या बड्या कंपन्यांनी केला. दूरसंचार नियामकाने नेमलेल्या झोना पार्टनर्सच्या अहवालाचा सारांश जुलै २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मॅनेजमेंट नेटवर्क गाभ्यापासून वेगळं केल्याची आणि नेटवर्क सांभाळणाऱ्यांना दुसऱ्या कंपन्यांची पर्यायी जोडणी दिल्याची नोंद आहे.