आधी कोणती सुरुवात शिकावी?

आमच्या तलवाड्यातली पोरं आता मोबाईलवर बुद्धिबळ खेळतात आणि विचारतात, "गुरुजी, आधी कोणती सुरुवात पाठ करू?" मी म्हणतो, पाठांतर राहू दे, आधी थोडा इतिहास ऐक.

जुन्या देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरके. आजचं कॅसलिंग नव्हतं. शह बसलेला नसेल तर राजा एकदाच घोड्यासारखी उडी घेई. त्यामुळे आपली माणसं एकेक घर पुढं सरकत, उंट बाजूनं काढून सावकाश मांडणी करीत. १८५० च्या सुमारास कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रेन या बॅरिस्टरशी असेच खेळत. युरोपला ही तऱ्हा तेव्हा विचित्र वाटे. १९२० च्या दशकात तिथले मोठे खेळाडू स्वतःच तसं खेळू लागले, आणि नाव रूढ झालं 'इंडियन डिफेन्स'! (आपल्याकडे किती जणांना हे ठाऊक आहे?)

तरी नवशिक्याला मी ती आधी देणार नाही. तिच्यात पटाचा मध्य सुरुवातीला समोरच्याला द्यावा लागतो, पोर गुदमरतं. राजापुढचं प्यादं दोन घरं, मग घोडा, मग उंट, ही इटालियन सुरुवात आधी. इंडियन पुढच्या वर्षी.