सख्खा की चुलत?

आमच्या आष्टी तालुक्यातल्या लग्नात मांडवाच्या दारी कुणी ‘हा माझा भाऊ’ म्हणून ओळख करून दिली, की समोरचा हमखास विचारतो, ‘सख्खा का चुलत?’ या विचारण्यात कुणाला उद्धटपणा वाटत नाही. आपल्याकडे चुलत, मावस, आते, मामे हे सगळे आधी भाऊच असतात. सख्खेपणाची गरज पडते ती बांधावर, सातबाऱ्यावर आणि सुतक धरताना. एरवी ‘भाऊ’ एवढा शब्द पुरतो.

नेमक्या याच प्रश्नावर ख्रिस्ती जगात सोळाशे वर्षांहून अधिक काळ वाद चालला आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात नासरेथचे लोक येशूकडे बघून चकित होतात. हा तर आपल्यातला सुतार, मरियेचा मुलगा, याचे भाऊ आपल्याला ठाऊक आहेत, असं ते म्हणतात. भावांची नावंही येतात: याकोब, योसे, यहूदा, शिमोन. बहिणींचा उल्लेख येतो, नावं येत नाहीत. हे भाऊ सख्खे असतील, तर येशूनंतर मरियेला आणखी मुलं झाली. चुलत किंवा सावत्र असतील, तर ती जन्मभर कुमारी राहिली असं म्हणता येतं. ‘सदाकुमारी’ या कल्पनेचं कूळ शोधायला निघालं की वाट या एका नात्याच्या शब्दापाशी येऊन थांबते.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. कुमारी मरियेच्या पोटी पवित्र आत्म्याच्या सामर्थ्यानं येशू जन्मला, हे प्रोटेस्टंट आणि कॅथलिक दोघेही आपल्या श्रद्धांगीकारात म्हणतात. त्यावर इथे वाद नाही. कुराणही ते मानतं. आष्टीतल्या कुठल्याही मुसलमान घरात विचारा, ईसा बापाविना जन्मले हे पोरंसुद्धा सांगतील. सबंध कुराणात नावानं येणारी स्त्री एकच, मरियम, आणि एकोणिसावी सूरा तिच्याच नावाची आहे. दुसरं म्हणजे, 1854 साली पोप नववे पायस यांनी घोषित केलेला ‘निष्कलंक गर्भसंभव’ हा सिद्धांत येशूच्या जन्माबद्दलचा नव्हे. मरिया स्वतः आईच्या पोटी आली तेव्हापासून पापाच्या डागापासून मुक्त होती, एवढंच तो सांगतो. आपला विषय तिसरा: येशूच्या जन्मानंतर पुढे काय?

या प्रश्नाला पहिलं सविस्तर उत्तर मिळतं ते बायबलबाहेरच्या एका कथेत. दुसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथाला ‘याकोबाचं आद्य शुभवर्तमान’ म्हणतात. मंदिरात वाढलेली मरिया बारा वर्षांची झाल्यावर याजक विधुरांना काठ्या घेऊन बोलावतात, आणि योसेफाच्या काठीतून कबुतर बाहेर पडतं. मी म्हातारा आहे, मला मुलं आहेत, असं म्हणून तो मागे सरतो, पण शेवटी तिला सांभाळायला घेतो. म्हणजे पुढे दिसणारे ‘भाऊ’ हे योसेफाच्या पहिल्या बायकोचे. प्रसूतीनंतर सलोमे नावाची बाई मरियेचं कौमार्य तपासायला हात पुढे करते, तिचा हात जळू लागतो आणि बाळाला स्पर्श केल्यावरच बरा होतो. ही कथा बायबलात घेतली गेली नाही, पण पूर्वेकडच्या चर्चमध्ये ती इतकी रुजली की चित्रांतला योसेफ आजही पांढऱ्या दाढीचा असतो. मरियेच्या मूर्तिचित्रांत कपाळावर एक आणि दोन खांद्यांवर दोन अशा तीन चांदण्या काढतात: प्रसूतीपूर्वी, प्रसूतीत आणि प्रसूतीनंतर कुमारी. अख्खा सिद्धांत त्या तीन ठिपक्यांत सामावला आहे.

सगळ्यांना हे पटलेलं नव्हतं. इसवी सन 200 च्या सुमारास कार्थेजचा तेर्तुल्यान हा मोठा ख्रिस्ती लेखक मरियेचा संसार पुढे चारचौघींसारखा झाला असंच मानत होता. खरी ठिणगी पडली रोममध्ये, 380 नंतर. हेल्विडियस नावाच्या माणसानं पुस्तक लिहून म्हटलं की येशूच्या जन्मानंतर योसेफ आणि मरिया पतीपत्नी म्हणून राहिले, भाऊ सख्खेच होते, आणि त्यात मरियेचा कसलाही कमीपणा नाही. 383 च्या सुमारास जेरोमनं त्याला उत्तर दिलं. पुढे बायबलचा प्रसिद्ध लॅटिन अनुवाद करणारा तो हाच. हेल्विडियसचं पुस्तक आज उरलेलं नाही. त्याची बाजू कळते ती जेरोमनं तिचं खंडन केलं म्हणून. आपल्याकडे चार्वाकांचं जे झालं, तेच.

जेरोमचा युक्तिवाद मराठी माणसाला लॅटिन माणसापेक्षा लवकर कळावा. तो म्हणतो, हिब्रूत चुलतभावालाही भाऊच म्हणतात. येशूचे हे भाऊ म्हणजे मरियेच्या बहिणीची मुलं. आष्टीच्या मांडवात हे ऐकून कुणी भुवई उंचावणार नाही. मत्तयाच्या पहिल्या अध्यायाच्या शेवटी, मुलगा होईपर्यंत योसेफानं तिच्याशी संबंध ठेवला नाही, अशा अर्थाचं वाक्य आहे. हेल्विडियसचा भर त्यातल्या ‘पर्यंत’वर. त्यावर जेरोमनं मत्तयाचाच शेवट दाखवला. येशू शिष्यांना युगाच्या अंतापर्यंत तुमच्यासोबत राहीन म्हणतो. म्हणजे अंतानंतर सोडून जाईल का? आपलंही बोलणं तसंच आहे. ‘मी येईपर्यंत पोराकडे बघ’ यात पुढचा बदल गृहीत असतो, ‘जीवात जीव असेपर्यंत विसरणार नाही’ यात नसतो. एकच ‘पर्यंत’, अर्थ दोन.

तरीही जेरोमचा दोर इथे मला बारीक वाटतो. नवा करार हिब्रूत नव्हे, ग्रीकमध्ये लिहिला गेला, आणि ग्रीकमध्ये चुलतभावाला वेगळा शब्द आहे. कलस्सैकरांस पत्रात बर्णबाच्या नातेवाईक मार्काबद्दल तो वापरलेलाही आहे. मग येशूच्या भावांना तो का वापरला नाही? हा प्रश्न शब्दकोशानं सुटत नाही. पूर्वेकडच्या चर्चचं ‘योसेफाची आधीची मुलं’ हे उत्तर जेरोमच्या उत्तरापेक्षा जुनं आहे आणि मला ते अधिक सरळही वाटतं.

पण हेल्विडियसच्या बोलण्यातला जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो शब्दांच्या भांडणात झाकला गेला. संसार करणारी, चार लेकरं वाढवणारी बाई ही ब्रह्मचारिणीपेक्षा देवाला कमी प्रिय का असावी, हा त्याचा मूळ प्रश्न होता. जोव्हिनियन नावाच्या संन्याशानं काही वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. 393 च्या आसपास रोमचा बिशप सिरिसियस आणि मिलानचा बिशप अँब्रोज या दोघांनी त्याला बहिष्कृत केलं. पुढे 553 साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनं मरियेला ‘एइपार्थेनोस’ म्हटलं, म्हणजे सदाकुमारी, आणि 649 च्या लॅटरन परिषदेनं त्यावर शिक्का मारला. युरोपात धर्मसुधारणा झाली तेव्हा हा सिद्धांत लगेच गेला असेल असं वाटतं, पण तसं घडलं नाही. लूथर आणि झ्विंग्ली शेवटपर्यंत तो मानत होते, आणि ‘भाऊ’ या शब्दावरून काही सिद्ध होत नाही असं म्हणत कॅल्व्हिननं उलट हेल्विडियसलाच फटकारलं. प्रोटेस्टंटांनी तो सोडला तो पुढच्या पिढ्यांत, हळूहळू.

मराठीत ही मरिया आली ती ओवीतून. इंग्लंडात जन्मलेला जेझुइट थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात उतरला आणि 1616 साली त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. ज्ञानोबांच्या छंदात, पुराणाच्या वळणानं त्यानं ख्रिस्तकथा सांगितली. गोव्याच्या कोकणी प्रार्थनेत ती आजही ‘आंकवार मरिया’ आहे. दुसरी वाट बंगालातून आली. श्रीरामपूरच्या छापखान्यात विल्यम कॅरी आणि पंडित वैजनाथ शर्मा यांनी मराठी बायबलला हात घातला, आणि 1805 साली छापून निघालं ते मत्तयाचं शुभवर्तमान. म्हणजे मराठीत छापलेलं पहिलंच शुभवर्तमान तो वादग्रस्त ‘पर्यंत’ सोबत घेऊन आलं.

आष्टी 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होती. शेजारचं नगर इंग्रजांकडे. अमेरिकन मराठी मिशन नगरला 1831 साली आलं आणि जेझुइट पुढे त्याच जिल्ह्यात आले. म्हणून आमच्या अंगाला नगरकडच्या खेड्यांत कुठे प्रोटेस्टंट मंडळी, कुठे कॅथलिक धर्मग्राम. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची, म्हणजे मरियेचीच, यात्रा भरते, आणि नगरच्या ह्यूम मेमोरियल चर्चमध्ये मरियेची मूर्ती ठेवत नाहीत. रविवारी दोन्हीकडे ‘कुमारी मरिया’ हे शब्द उच्चारले जातात. एकाच्या मनात ते जन्मापर्यंत असतात, दुसऱ्याच्या मनात कायमचे.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाई अखेरच्या वर्षांत हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणत होत्या. 1883 साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथे ज्या धर्मभगिनींच्या आश्रयाला त्या होत्या, त्यांचा संघ कुमारी मरियेच्याच नावाचा. पुढे त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी त्याच भगिनींशी पत्रांतून कडाडून वाद घातला. दुसऱ्याच्या तोंडचा अर्थ मान्य न करता मूळ शब्दापर्यंत स्वतः जाणारी बाई होती ती. 1922 साली त्या गेल्या आणि त्यांचं बायबल 1924 साली प्रकाशित झालं. बायबल मराठीत आणायचं काम पुढेही चालू राहिलं: 2020 च्या जानेवारीत मराठवाड्यात, उस्मानाबादेत, साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी बसले ते ‘सुबोध बायबल’चे कर्ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, वसईचे कॅथलिक धर्मगुरू.

आमच्या तालुक्यातल्या लोकांना अद्भुत जन्माचं नवल नाही. सावरगावला मायंबावर मच्छिंद्रनाथांची समाधी आहे आणि मच्छिंद्रनाथ माशाच्या पोटी जन्मल्याची कथा सगळ्यांना पाठ आहे. त्याच नाथांच्या परंपरेतले गहिनीनाथ शेजारच्या पाटोदा तालुक्यात, त्यांचे शिष्य निवृत्तिनाथ आणि निवृत्तिनाथांची धाकटी बहीण मुक्ता. मुक्तेनं लग्न केलं नाही, पोर झालं नाही, तरी तिच्या नावापुढे ‘आई’ जोडून आपण तिला मुक्ताई म्हणतो. लग्न न केलेल्या ज्ञानोबांना माउली म्हणतो. आईपण आणि कौमार्य एका माणसात नांदू शकतं हे मराठी भक्तीला कुणी शिकवावं लागत नाही. माझी तक्रार वेगळ्या जागी आहे. बारा पोरं वाढवणाऱ्या, उसाच्या फडात कोयता घेऊन जाणाऱ्या बाईला संतपण द्यायची वेळ आली, की आपण आणि जेरोम दोघेही हात आखडता घेतो. हेल्विडियसचं पुस्तक उरलं असतं तर ते मी मराठीत आणलं असतं.

सदाकुमारीच्या बाजूचा सगळ्यात हृदयाला भिडणारा पुरावा योहानानं लिहिलेला आहे. क्रुसावर टांगलेला येशू खाली उभ्या असलेल्या आईला एका शिष्याच्या हवाली करतो आणि तो शिष्य तिला आपल्या घरी नेतो. पोटचे चार लेक हयात असताना आई परक्याच्या घरी का जाईल? आमच्याकडे तर भावकीनं नाव ठेवलं असतं. विरुद्ध बाजूचे लोक योहानाच्याच सातव्या अध्यायाकडे बोट दाखवतात: भावांचा तेव्हा येशूवर विश्वास नव्हता, म्हणून आईला त्यानं त्यांच्याकडे सोडलं नाही. पण त्या भावांतला याकोब नंतर बदलला. तो यरुशलेमेच्या मंडळीचा प्रमुख झाला आणि इसवी सन 62 च्या सुमारास त्याला दगडांनी मारण्यात आलं. ही हकीकत ज्यू इतिहासकार जोसिफसनं लिहून ठेवली आहे. तो ख्रिस्ती नव्हता, सिद्धांताशी त्याला देणंघेणं नव्हतं. याकोबाची ओळख त्यानं येशूचा भाऊ अशी करून दिली. सख्खा की चुलत, ते लिहिलं नाही.