साथीतले दोन स्वर

मुंबई सुरतेपासून रेल्वेने २६३ किलोमीटर. तिथल्या स्टुडिओत जन्मलेलं गाणं आमच्या सीमेवरच्या घरांत लवकर रुळत असे. घरात मराठी, दारात गुजराती आणि रेडिओवर हिंदी गाणी. १९५२ नंतर आकाशवाणीने चित्रपटसंगीत आवरतं घेतलं, तेव्हा हीच गाणी रेडिओ सिलोनवरून येऊ लागली. त्यांत १९५१च्या ‘अलबेला’ची गाणीही होती. संगीतकार सी. रामचंद्र पुणतांब्याचे, आणि त्यांचे साहाय्यक ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ.

ही जोडी जमली त्यामागे इतिहास आहे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी शिकवत. तीस-चाळीसच्या दशकांत मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकन कृष्णवर्णीय वादक जॅझ वाजवू लागले, तेव्हा ते संगीत वाचून वाजवू शकणारे हात गोमंतकीयांचेच होते. हॉटेलातून हे वादक स्टुडिओत आले आणि त्यांच्याबरोबर साथीची एक नवी रीत आली.

जॅझमध्ये या साथीला ‘कॉम्पिंग’ म्हणतात. आपण तिला संगत म्हणू. आपला कान एका वेळी एका स्वराचा. खाली तानपुरा, वर गाणं. गिटारचा ‘कॉर्ड’ म्हणजे एकदम अनेक स्वर. मीही सुरुवातीला सहाच्या सहा तारा छेडत असे. पण अमेरिकेतला फ्रेडी ग्रीन काउंट बेसीच्या वाद्यवृंदात १९३७ पासून १९८७ साली मृत्यू येईपर्यंत साथ करत राहिला, ती बहुधा दोन-तीन स्वरांवरच. बाकीच्या तारा बोट सैल ठेवून मुक्या करायच्या.

कोणते स्वर ठेवायचे? कॉर्डचा पहिला स्वर बास वाजवतच असतो. पाचवा नसला तरी फारसं अडत नाही. तिसरा सांगतो, कॉर्ड मेजर की मायनर. सातवा सांगतो, ती विसावली आहे की पुढे जाऊ पाहते. हे दोन राहिले की अर्थ राहतो.

घरात पेटी असेल तर करून पाहा. पांढरी एक हा षड्ज धरा. रिषभावरची कॉर्ड रे-म-ध-सां, पंचमावरची प-नि-रें-मं, षड्जावरची सा-ग-प-नि. प्रत्येकीतले तिसरा आणि सातवा स्वर तेवढे ठेवा आणि जवळच्या सप्तकात आणा: म-सां, मग म-नि, मग ग-नि. आधी सां अर्धा स्वर उतरून नि झाला, मग म उतरून ग. प्रत्येक वेळी एकच बोट हललं, पण तीन कॉर्ड बदलल्या आणि गाणाऱ्याला वर मोकळी जागा मिळाली. कॉर्डमधले स्वर असे निवडून मांडण्याला ‘व्हॉइसिंग’ म्हणतात.

ही निवड कळू लागल्यापासून मी जुन्या गाण्यांत आवाजाखालची गिटार शोधतो. ती वाजवणाऱ्यांची नावं रेकॉर्डच्या लेबलवर सहसा नसत. श्रेय गायकाचं आणि संगीतकाराचं. चिक चॉकलेट पडद्यावर दिसले म्हणून ठाऊक राहिले; मागच्या रांगेतले कित्येक गिटारवाले विसरले गेले. ऑर्केस्ट्रात किंवा लग्नाच्या बँडमध्ये वाजवणारे कुणी तुमच्या घरातही होऊन गेले असतील. त्यांची वही, एखादा फोटो अजून हाताशी असेल, तर मागे नाव आणि साल लिहून ठेवा.