माळावरून घराकडे

मार्गशीर्ष आणि पौष हे आमच्या बेळगाव प्रांतात घराबाहेर काढावयाचे महिने होत. पिके खळ्यावर आलेली असतात, हवा कोरडी व सुखाची असते आणि पाय आपोआप वाटेकडे वळतात. मार्गशीर्षी पौर्णिमेस सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मादेवीची यात्रा भरते. कोणी कुलदेवतेच्या दर्शनास घाट उतरून गोमंतकात जातात, तर कोणी मुलांची नाताळची सुटी गाठून आप्तेष्टांकडे राहून येतात. संक्रांतीचा तिळगूळ वाटून होतो, रथसप्तमीला अंगणातील चुलीवर दूध उतू जाते, आणि मग ज्याचा तो आपल्या दाराचे कुलूप काढून पुन्हा संसारास लागतो.

या परतण्याकडे आपण फारसे लक्ष देत नाही. जाण्याची तयारी पंधरा दिवस चालते, येण्याची मात्र कोणीच करीत नाही. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी याच प्रांतात घरी केव्हा परतावे आणि परतल्यावर प्रथम काय करावे, हा जगण्यामरण्याचा प्रश्न झाला होता. त्याची आठवण आज आपल्याही उपयोगी पडण्यासारखी आहे, म्हणून हा विषय आम्ही वाचकांपुढे मांडीत आहो.

बेळगावाच्या उत्तरेस पुण्याच्या हमरस्त्यावर काकती हे गाव आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्मा यांचे हे जन्मगाव. त्यांचा जन्म १७७८ चा, आणि १८२४ साली त्यांनी कंपनी सरकारशी दिलेला लढा सर्वश्रुत आहे. येथून हा रस्ता होनगा, सुतगट्टी, हत्तरगी, संकेश्वर करीत निपाणीस पोहोचतो. या वाटेने गूळ गेला, तंबाखू गेली, यात्रेकरू गेले, फौजाही गेल्या. जी वाट माणसांस जोडते तीच रोगासही जोडते, हे मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फार कठोरपणे कळून आले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. हे व्हिएगस मूळचे गोमंतकातील हडफड्याचे, ही गोष्ट आमच्या कोंकणी वाचकांस अभिमानाची वाटेल. प्रारंभी त्यांच्या निदानावर सर्वांचा विश्वास बसला नाही. पण थोड्याच दिवसांत मुंबई रिकामी होऊ लागली, आणि पळणाऱ्या माणसांबरोबर गाठीचा ताप गावोगाव पोहोचला. १८९७ च्या आरंभी साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्याच वर्षी १० मार्च रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. पुण्यात गोऱ्या शिपायांनी घराघरांत, देवघरांपर्यंत शिरून जी झडती चालविली तिचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडवरील गोळीबारात झाला, हा इतिहास शाळकरी मुलांसही पाठ आहे.

बेळगाव जिल्हाही या संकटातून सुटला नाही. १८९१ च्या शिरगणतीत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १० लाख १३ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे ९ लाख ९४ हजारांवर आली. दहा वर्षांत जेथे वाढ व्हावयाची तेथे घट झाली. यात दुष्काळाचा वाटा होता, तसाच प्लेगचाही होता. आमच्या लहानपणी घरातील वृद्ध स्त्रिया कोणाचे वय सांगताना शकाचा आकडा सांगत नसत; ‘प्लेगच्या वर्षी हा रांगत होता’ असे म्हणत. ज्या घटनेवरून माणसे आपली वये मोजू लागतात, तिचा घाव किती खोल असला पाहिजे!

सरकारी उपायांपैकी पुष्कळसे लोकांस जाचक वाटले. एक उपाय मात्र खेड्यांनी आपण होऊन पत्करला. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडावयाचे आणि शेतात, माळावर खोपटी घालून राहावयाचे. इकडील भागात साथ बहुधा पावसाळ्याच्या अखेरीस डोके वर काढी व थंडीत चालू राही. उन्हे तापू लागली म्हणजे ती ओसरे. त्यामुळे माळावरचा मुक्काम नेमका हिवाळ्यात पडे. कडब्याच्या भिंती, वर गवत, तीन दगडांची चूल, गुरे बाजूस बांधलेली आणि देव्हाऱ्यातील टाक व मूर्ती एखाद्या टोपलीत, अशा रीतीने अख्खे संसार चांदण्यात मांडले जात.

हे लोकांनी इतक्या सहजतेने कसे स्वीकारले असेल? आम्हांस वाटते की गाव सोडणे ही कल्पनाच आपल्या लोकजीवनास परकी नव्हती. मालवण तालुक्यातील आचरे गावची गावपळण प्रसिद्ध आहे. काही वर्षांच्या अंतराने श्री रामेश्वराचा कौल घेऊन सारा गाव गुरेढोरे, कोंबडीकुत्री यांसह वेशीबाहेर जातो, गाव देवाच्या स्वाधीन करतो, तीन दिवस तीन रात्री राहुट्यांत काढतो, आणि पुन्हा देवाचा कौल मिळाल्यावाचून परतत नाही. वैभववाडी तालुक्यातील शिराळे येथेही पौषात अशीच गावपळण होते. या चालीचा उगम रोगराईत आहे असे काही जण म्हणतात. तसे निश्चयाने म्हणणे धाडसाचे होईल. परंतु तिच्यातील एक नियम आम्हांस फार मोलाचा वाटतो. जाण्यास जसा कौल लागतो तसाच येण्यासही लागतो. घराची ओढ लागली म्हणून कोणी एकट्याने परतावयाचे नाही.

प्लेगच्या दिवसांत खरा कस याच ठिकाणी लागे. घर सोडणे भीतीमुळे साधे. घराबाहेर टिकून राहणे मात्र कठीण जाई. थंडी बोचू लागे, लहान मुले खोकू लागत. कणगीतील धान्याचे काय झाले असेल, भिंतीला भोक पाडून कोणी चोर तर शिरला नसेल, ही काळजी मन पोखरी. मग ‘आता काही नाही, चार दिवस झाले’ असे म्हणून एखादा घरी जाऊन निजे. आणि बंद घर हे रिकामे घर नव्हे, हे त्यास ठाऊक नसे.

याचे कारण त्या वेळी शास्त्रज्ञांसही नुकतेच उमगू लागले होते. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे येरसँ यांनी शोधून काढला होता. पण तो उंदरांतून माणसात कसा येतो हे कोडेच होते. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोग करून दाखविले की यातील दुवा उंदराच्या अंगावरील पिसू हा होय. पुष्कळांनी ते हसण्यावारी नेले. १९०५ पासून मुंबईत काम करणाऱ्या संशोधन मंडळाने मात्र ते सप्रमाण सिद्ध केले, आणि त्याच कार्याचा भाग म्हणून १९०८ व १९०९ मध्ये खुद्द बेळगावात प्लेगची निरीक्षणे करण्यात आली. उंदीर मरून थंड पडला म्हणजे त्याच्या अंगावरील पिसवा दुसरा आसरा शोधू लागतात. घरात माणूस नसले तर त्या भुकेल्या राहून जमिनीच्या धुळीत, अंथरुणात, धान्याच्या पोत्यांशी वाट पाहतात. अशा घरात घाईने परतणारा मनुष्य त्यांच्या तोंडी पडे.

हे जुन्या काळचे झाले असे कोणी म्हणेल. त्यांस आम्ही बीड जिल्ह्यातील मामला गावाचे उदाहरण देऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर तेथील लोकांनी भीतीने घरे सोडली व तात्पुरत्या निवाऱ्यात ते राहू लागले. धान्य मात्र जुन्या घरांत राहिले. त्या धान्यावर उंदीर माजले. पुढे लोक घरी परतू लागले, आणि १९९४ च्या ऑगस्टमध्ये पिसवांचा उपद्रव सुरू होऊन पाठोपाठ गाठीचे रुग्ण आढळले. शंभर वर्षांपूर्वी माळावरून घाईने परतणाऱ्याची जी कथा, तीच ही.

मग जे नीट परतले ते कसे परतले? प्रथम दारे-खिडक्या सताड उघडीत. शक्य तेथे छपराची कौले उतरवून ऊन थेट जमिनीवर पाडीत. धान्य व अंथरूण-पांघरूण अंगणात वाळवीत, भिंतींस चुना देत, जमीन उकरून नव्याने चोपीत व सारवीत. हे सारे झाल्यावर शेणसडा, रांगोळी, देव पुन्हा देव्हाऱ्यात, समईची वात आणि नव्या चुलीवर उतू घातलेले दूध. आमच्या पूर्वजांस सर्व काही आधीच ठाऊक होते असा अभिमान आम्ही येथे मिरवू इच्छीत नाही. तो इतिहासास धरून होणार नाही. सारवण्याने पिसू मरते असे नव्हे. उंदीर हे गणपतीचे वाहन म्हणून त्यास मारण्याचा संकोचही अनेक घरांत असे, आणि त्याची किंमत माणसांनी मोजली. हाफकीन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९८ मध्ये हुबळी-धारवाडकडे ती हजारोंना टोचली गेली, तरी तिच्याविषयीचा संशय पुष्कळ वर्षे गेला नाही. शास्त्राने सांगितलेले आणि चालीने सांभाळलेले यांचा जेथे मेळ बसला तेथे माणसे वाचली, इतकेच म्हणणे योग्य होईल.

हा मेळ पुढे बेळगावानेच एकदा उत्तम रीतीने घालून दाखविला. १९२४ च्या डिसेंबरात, नाताळच्याच सुटीत, महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या हजारो पाहुण्यांसाठी विजयनगर नावाची वसाहत उभी राहिली. पाण्यासाठी विहीर खणली गेली, ती आजही तेथे आहे. या वसाहतीच्या सफाईचे काम काका कालेलकर यांनी अंगावर घेतले, आणि ज्या कामास उच्चवर्णीय हात लावीत नसत ते काम सुशिक्षित ब्राह्मण तरुणांनी केले. देवळाच्या जत्रेत आज आपणही हजारोंनी जमतो. पाहुणा आपल्याकडून प्रसाद घेऊन घरी जावा, रोग घेऊन जाऊ नये, ही यजमानाची जबाबदारी त्या तरुणांनी ओळखली होती.

आणि २०२० चे वर्ष तर आपण सर्वांनी पाहिलेच आहे. मुंबई-पुण्याहून परतणारी आपलीच माणसे निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर तिष्ठत राहिली. गावी पोहोचलेल्यांस शाळेत, शेतातील खोपीत चौदा-चौदा दिवस काढावे लागले. काही गावांनी त्यांच्यासाठी भाकरी पोहोचविली, काहींनी वेशीवर काटे टाकले. दोन्ही गावे रोगास सारखीच भीत होती. परंतु माळावर राहणारा आपलाच आहे, त्याला परत घ्यावयाचे आहे, हे एकाने ध्यानात ठेवले आणि दुसऱ्याने नाही. जुन्या गावपळणीत सारा गाव एकत्र बाहेर पडे आणि एकत्र परते, यात हाच शहाणपणा नव्हता काय?

आज काकती-निपाणीच्या वाटेवरील कितीतरी घरे वर्षातून दोन-चार वेळाच उघडतात. मुले नोकरीसाठी दूर गेलेली, वडील माणसे त्यांच्याकडे. जत्रेपुरते किंवा नाताळच्या सुटीपुरते कुलूप निघते. अशा घरात पाऊल टाकताना वाचकांनी थोडा धीर धरावा, एवढेच आमचे सांगणे. आल्या आल्या केरसुणी घेऊन कोरडी धूळ उडवू नये. आधी दारे उघडून वारा खेळू द्यावा, मग ओल्या फडक्याने पुसावे. साठलेले पाणी ओतून टाकावे, अंथरुणास दिवसभर ऊन द्यावे, धान्याच्या डब्यांभोवती उंदराच्या लेंड्या आहेत काय ते पाहावे. प्रवासाचा शिणवटा अंगात असता पहिल्याच दिवशी पाहुण्यांची पंगत बसवू नये. बाजरीची भाकरी, तीळ, ताक यांवर दोन दिवस काढल्यास कोणाचा मान कमी होत नाही.

पूर्वी काशीहून परतलेला यात्रेकरू मावंदे घातल्यावाचून यात्रा पुरी झाली असे मानीत नसे. आप्तांना व शेजाऱ्यांना जेवू घालून, गंगेचे तीर्थ देऊन, तो पुन्हा आपल्या माणसांत बसे. माळावरून परतलेल्या त्या पिढीला मावंदे घालण्याइतके त्राण नसेल. पण चुना दिलेल्या भिंतीशी त्यांनी लावलेली पहिली समई आम्हांस त्याहून कमी पुण्याची वाटत नाही. त्या उजेडात त्यांनी आधी मोजली असतील ती घरातील माणसे.